भाडेकरार आणि नोंदणी : एक दृष्टिक्षेप

नांदेड जिल्ह्यातील नायगाव हे तालुक्याचे ठिकाण, तर वसई तालुक्यातील नायगाव हे पश्चिम रेल्वेवरील मुंबईलगतचे उपनगर होय. मराठवाड्यातून नोकरीनिमित्त या दुसऱ्या नायगावी राहणाऱ्यास घर बहुधा अकरा महिन्यांच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर मिळते. मुदत वर्षाहून कमी असल्याने नोंदणी अनावश्यक, हा प्रचलित समज चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक असून ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसल्यास, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. याउलट, कलम २४ नुसार मुदत संपल्यावरही जागा न सोडणाऱ्यास दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. सारांश, नोंदणीकृत करार हे उभयतांचे संरक्षण होय.