टॅगवरचं गाव आणि बॅगेचा मुक्काम

हिंगोली-वाशीमदरम्यानच्या कनेरगाव नाक्यावरून परदेशी निघालेल्या माणसाला विमानाच्या आधी वाट निवडावी लागते. हिंगोली, पूर्णा, नांदेड करत हैदराबाद, वाशीम-अकोल्यावरून मुंबई, नाहीतर गाडी करून नागपूर. काचीगुडा-नरखेड एक्स्प्रेस हाताशी असल्याने या पट्ट्यातले बरेच जण हैदराबाद गाठतात. नांदेडला विमानतळ आहे, पण त्याची उड्डाणं देशातल्या देशात. त्यामुळे मुलगा बर्लिनला शिकत असो की मुलगी डॅलसला नोकरीला असो, त्यांच्याकडे निघालेल्या आईवडिलांचा प्रवास एका विमानात उरकत नाही. मध्ये कुठंतरी उतरून दुसरं विमान धरावं लागतं, आणि तिथंच ऐकीव माहितीचा घोळ सुरू होतो. कुणाचा मेव्हणा दुबईमार्गे लंडनला गेला, त्याला मध्ये बॅग उचलावी लागली नाही. त्याचं खरंच आहे. पण तेवढ्यावर विसंबून शिकागोमार्गे डॅलसला निघालेला माणूस बॅग शिकागोच्या पट्ट्यावर सोडून पुढं जातो.

बॅगेचं काय होणार हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं. तिकीट एक आहे की दोन, आणि तुम्ही कोणत्या देशाच्या हद्दीत कुठं पहिल्यांदा शिरता. विमान कोणत्या कंपनीचं, तिथली दुकानं किती झगमगीत, याचा फारसा संबंध नाही.

“सामान एकदा दिलं की थेट शेवटच्या गावी मिळतं”

अर्धं खरं. एकाच तिकिटावर हैदराबाद-दोहा-फ्रँकफर्ट असा प्रवास असेल तर हैदराबादच्या काउंटरवर बॅगेला लावलेल्या पट्टीवर फ्रँकफर्टची तीन अक्षरं येतात आणि सोबत एक दहा आकडी नंबर. दोह्यात बॅग एका विमानातून दुसऱ्या विमानात आतल्या आत जाते. तुम्ही कतारमध्ये शिरतच नाही, ‘ट्रान्सफर’च्या पाटीमागे चालत राहता.

अमेरिकेत हे चालत नाही. तिथं ज्या विमानतळावर पहिल्यांदा उतराल तिथं इमिग्रेशन करायचं, पट्ट्यावरून बॅग घ्यायची, कस्टम्समधून बाहेर पडायचं आणि लगेच पुढं असलेल्या काउंटरवर ती पुन्हा द्यायची. टॅगवर डॅलस लिहिलेलं असलं तरी. त्यानंतर तुमची स्वतःची सुरक्षा तपासणी परत. हल्ली मोजक्या मार्गांवर यातून सवलत मिळू लागली आहे, पण आपलं विमान त्यातलं आहे असं कंपनीने सांगितल्याशिवाय धरून चालू नये. अबू धाबीची गोष्ट वेगळी. २०१४ पासून तिथं अमेरिकी अधिकारीच बसतात आणि इमिग्रेशन-कस्टम्स तिथंच उरकतात, त्यामुळे तिथून गेलेला प्रवासी अमेरिकेत देशांतर्गत प्रवाशासारखा उतरतो. अमेरिकेतून नुसतं पुढं मेक्सिकोला जायचं असलं तरी व्हिसा लागतो. बिनव्हिसा ट्रान्झिटची जुनी सोय २००३ मध्ये बंद झाली. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातही परदेशातून येऊन देशातलंच पुढचं विमान धरायचं असेल तर बहुतेक वेळा पहिल्याच ठिकाणी बॅग उचलावी लागते.

युरोपात उलटं. बर्लिनला जाताना फ्रँकफर्टला विमान बदललं तर पासपोर्टची तपासणी फ्रँकफर्टला होते, पण चेक-इन केलेल्या बॅगेचं कस्टम्स शेवटच्या विमानतळावर, म्हणजे बर्लिनला. बॅग शोधत फ्रँकफर्टला थांबलात तर पुढचं विमान जाईल.

आणि सगळ्यात जास्त लोक चुकतात ते परत येताना. आपला देश आला, आता काय, असं वाटतं. भारतातही नियम साधारणपणे अमेरिकेसारखाच आहे. दोह्याहून मुंबईला उतरून पुढं नागपूरचं विमान असेल तर इमिग्रेशन आणि कस्टम्स मुंबईत, बॅग मुंबईतच पट्ट्यावरून घ्यायची आणि ट्रान्सफर काउंटरवर पुन्हा द्यायची. काही ठरावीक उड्डाणांना अपवाद आहे, तो चेक-इनच्या वेळी काउंटरवरच विचारून घ्यावा. पैनगंगेकाठच्या जुन्या माणसांना हा न्याय नवा नाही. नदीच्या अलीकडे निजामाचा मुलूख होता, पलीकडे वऱ्हाड. निजामाची करोडगिरी, म्हणजे जकात, सरहद्दीवरच द्यावी लागे. माल पुढं नांदेडला जायचाय की हैदराबादला, हे तिथं कुणी विचारत नसे.

“दोन तिकिटं वेगळी काढली तर स्वस्त पडतं, बाकी फरक काय?”

फरक इतका आहे की वाचलेले पैसे कधी कधी एका फटक्यात जातात. हैदराबाद ते लंडन एका कंपनीचं आणि लंडन ते टोरंटो दुसरीचं, अशी दोन स्वतंत्र तिकिटं असतील आणि त्या कंपन्यांचा आपसात करार नसेल, तर पहिली कंपनी बॅगेला लंडनपर्यंतचाच टॅग लावते. बॅग घ्यायची तर बाहेर यावं लागतं. बाहेर यायचं म्हणजे ब्रिटनमध्ये शिरायचं, आणि शिरायचं तर त्याची वेगळी परवानगी. आतल्या आत विमान बदलणाऱ्याला लागणारे कागद आणि बॅगेसाठी बाहेर पडणाऱ्याला लागणारे कागद वेगळे असतात. ते नसतील तर माणसाला हैदराबादच्या काउंटरवरूनच परत पाठवतात, कारण कागद नसलेला प्रवासी नेला तर दंड विमान कंपनीला होतो. म्हणजे माणूस लंडनला पोचण्याआधीच अडतो, आणि अडतो तो बॅगेपायी.

वजनाचंही तसंच. अमेरिकेच्या तिकिटावर बहुधा २३ किलोच्या बॅगा मिळतात, साध्या तिकिटावर एक किंवा दोन. देशांतर्गत साध्या तिकिटावर १५ किलो. एकच तिकीट असेल तर मुंबई-नागपूरच्या तुकड्यालाही सहसा आंतरराष्ट्रीय मापच लागू होतं. वेगळं असेल तर ४६ किलोपैकी ३१ किलोचे पैसे काउंटरवर मोजा. काही कंपन्या परदेशाचं तिकीट दाखवलं तर सूट देतात, म्हणून ते छापून जवळ ठेवावं.

उशिराचं काय? एका तिकिटावर पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं चुकलं, तर पुढच्या विमानात बसवणं कंपनीचं काम. दोन तिकिटांवर ते तुमचं नशीब. दुसरी कंपनी तुम्हाला ‘आलाच नाही’ अशा प्रवाशांत मोजते.

मुंबईपुरती एक नवी अडचण आता उभी राहिली आहे. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली. तिकिटं शोधताना दोन्हीकडे ‘मुंबई’ दिसतं आणि स्वस्त वाटलं म्हणून कुणी देशांतर्गत विमानाने नवी मुंबईला उतरतो. परदेशचं विमान मात्र सांताक्रूझ-अंधेरीकडच्या जुन्या विमानतळाच्या टर्मिनल दोनवरून. मध्ये खाडी आणि मुंबईची वाहतूक. जुन्या विमानतळावरसुद्धा टर्मिनल एकला उतरलात तर दोनकडे रस्त्यानेच जावं लागतं. तिकीट काढणाऱ्या मुलाला हे आधी विचारा.

“हैदराबादला तपासलं ना, मग दोह्यात पुन्हा कशाला?”

चिडचिड समजण्यासारखी आहे. रात्री दोन वाजता, पाय सुजलेले, आणि पुन्हा बूट काढा, पट्टा काढा. पण एका देशाने केलेली तपासणी दुसऱ्याने मान्य करायची की नाही, हे त्या दोघांच्या करारावर ठरतं. युरोपीय संघाने अमेरिका आणि कॅनडासारख्या काही देशांची तपासणी मानली आहे. आपण त्या यादीत नाही. त्यामुळे प्रवासी आणि त्याची पिशवी पुन्हा यंत्रातून जाते. चेक-इनची बॅगही मधल्या विमानतळावर तुमच्या नजरेआड पुन्हा तपासली जाऊ शकते.

ही कडक शिस्त आली ती मुख्यतः विमान बदलणाऱ्या सामानामुळेच, आणि तिचा इतिहास आपल्याच विमानापासून सुरू होतो. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचं ‘कनिष्क’ आयर्लंडजवळच्या समुद्रावर स्फोटाने फुटलं. ३२९ माणसं गेली. बॉम्ब असलेली बॅग आधी व्हँकुव्हरला दुसऱ्या कंपनीच्या विमानात चढवली होती. देणाऱ्याने ती टोरंटोला एअर इंडियाच्या विमानात पुढं पाठवायला लावली आणि स्वतः विमानात बसलाच नाही. त्याच दिवशी टोकियोच्या नारिता विमानतळावर आणखी एक बॅग फुटली आणि सामान हलवणारे दोन कामगार ठार झाले. तीही एअर इंडियाच्याच बँकॉकला जाणाऱ्या विमानात चढणार होती. तीन वर्षांनी, २१ डिसेंबर १९८८ रोजी, स्कॉटलंडमधल्या लॉकर्बीवर पॅन अॅमचं विमान कोसळलं आणि २७० जण मेले. तिथंही मालकाविना फिरणारी बॅग.

अशा स्फोटांमुळे नियम झाला की माणूस चढला नाही तर त्याची बॅग उतरवायची. विमान सुटायच्या वेळी कुणाच्या नावाचा पुकारा होत राहतो आणि मग अर्धा तास उशीर होतो, तो याच कारणाने: पोटातल्या शेकडो बॅगांतून एक शोधून काढायची असते. भारतात १९७८ पासून नागरी विमान वाहतूक महासंचालनालयात सुरक्षेचा एक कक्ष होता. कनिष्कनंतर १ एप्रिल १९८७ला त्याचं स्वतंत्र खातं झालं, ते आजचं बीसीएएस. आपल्याकडे पूर्वी विमानाजवळ बॅगा मांडून ठेवत आणि प्रवाशाने आपली बोटाने दाखवली की मगच ती वर चढे. आता ते काम दहा आकडी नंबर करतो.

“घरचंच खाणं आहे, त्याला कोण अडवतंय?”

इथं मात्र मी आयांच्या बाजूचा असूनही सांगावंच लागेल. सुक्या खोबऱ्याची वाटी भारतातून निघणाऱ्या विमानात केबिनमध्ये चालत नाही आणि चेक-इनमध्येही नाही. त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेटू शकतं म्हणून विमान वाहतुकीत त्याची गणना धोक्याच्या मालात होते. काउंटरवर बॅग उघडून खोबरं काढून ठेवायला लावतात तेव्हा तो कर्मचारी खाष्ट नसतो.

खसखस त्याहून गंभीर. संयुक्त अरब अमिराती आणि सिंगापूरमध्ये तिच्यावर बंदी आहे, कारण ती अफूच्या झाडाची. दिवाळीचे अनारसे खसखशीत घोळलेले असतात, येसरात आणि काळ्या मसाल्यात घरोघरच्या पद्धतीप्रमाणे ती पडते. ‘आम्ही दुबईत उतरणार थोडेच, फक्त विमान बदलणार’ हे उत्तर तिथं पुरत नाही. अंमली पदार्थांचा तिथला कायदा ट्रान्झिटच्या प्रवाशालाही लागू होतो. त्या वाटेने जायचं असेल तर अनारसे घरी खा. कोडीनसारखी काही औषधंही तिथं आगाऊ परवानगीशिवाय नेता येत नाहीत. औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत.

हळदीला बंदी नाही. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा ती कौतुकाने नेणारच. फक्त ती चेक-इनच्या बॅगेत ठेवा. अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानांत जून २०१८ पासून ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त भुकटी केबिनमध्ये असली तर जादा तपासणी होते आणि शंका फिटली नाही तर ती टाकून द्यावी लागते. हळद, तिखट, मेतकूट सगळं त्यात आलं. लोणचं, तूप, पातळ चटणी हे तपासणीवाल्याच्या लेखी द्रव, म्हणजे १०० मिलिलिटरची मर्यादा. ती मर्यादा २००६ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनमध्ये उघड झालेल्या कटानंतर आली. काही विमानतळांनी नवी यंत्रं आणून ती सैल केली आहे, पण वाटेतला सगळ्यात कडक विमानतळ कोणता त्यावर तुमच्या बरणीचं भवितव्य ठरतं. ड्युटी-फ्रीमधून घेतलेली बाटली सीलबंद पिशवीतच राहू द्या. अमेरिकेत बॅग पुन्हा देताना ती बाटली बॅगेत घालून टाकणं सगळ्यात बरं. कढीपत्ता मात्र अमेरिकेत नेऊच नका; लिंबूवर्गीय झाडांच्या रोगाच्या भीतीने तो तिथं अडवतात, आणि बॅग तर तुम्हालाच कस्टम्ससमोरून न्यायची असते.

आणखी थोडंसं

पॉवर बँक नेहमी केबिनमध्ये, चेक-इनमध्ये कधीच नाही. १०० वॉट-तासांपर्यंत, म्हणजे साधारण २७,००० एमएएच, सहसा अडचण येत नाही. विमानाच्या दारात ‘जागा नाही, बॅग खाली द्या’ म्हणाले तर आधी ती बाहेर काढा.

व्हीलचेअर मागितली म्हणजे तपासणी टळते असं नाही. चालणं आणि रांग वाचते, इंग्रजी न येणाऱ्या आजीला वाट दाखवणारा माणूस मिळतो, आणि तेवढ्यासाठीसुद्धा ती मागणं योग्यच आहे.

“बॅग आली नाही म्हणजे गेली”

बहुतेक वेळा ती फक्त मागे राहिलेली असते. ‘सिटा’ ही विमानतळांना सामानाची यंत्रणा पुरवणारी संस्था दरवर्षी आकडे काढते. २०२४ मध्ये हजार प्रवाशांमागे सहाच्या आसपास बॅगांचा घोळ झाला, आणि उशिरा पोचलेल्या बॅगांमध्ये सगळ्यात मोठा वाटा विमान बदलताना राहिलेल्यांचा होता. म्हणून औषधं, चष्मा आणि एक जोड कपडे केबिनच्या पिशवीत.

पट्टा थांबला आणि बॅग नाही, तर विमानतळाबाहेर पडण्याआधी सामानाच्या काउंटरवर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक घ्या. घरी जाऊन फोन करू म्हणणाऱ्यांची पंचाईत होते. भारत २००९ पासून विमान कंपन्यांची जबाबदारी ठरवणाऱ्या माँट्रियल कराराचा सदस्य आहे. त्यानुसार मोडतोडीची लेखी तक्रार ७ दिवसांत आणि उशिराची बॅग हाती आल्यापासून २१ दिवसांत करायची. २१ दिवसांत बॅग आलीच नाही तर ती हरवली असं धरून भरपाई मागता येते. भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून प्रवाशामागे १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय हिशेबाचं एक एकक) आहे, रुपयांत पावणेदोन लाखांच्या वर. एकाच तिकिटावर दोन कंपन्या असतील तर ‘ते त्यांनी हरवलं, आमच्याकडे येऊ नका’ हे ऐकून घेऊ नका. पहिल्या कंपनीकडेही मागता येतं, शेवटच्या कंपनीकडेही. पुरावा म्हणून काउंटरवर बोर्डिंग पासमागे चिकटवून दिलेली ती छोटी पावती लागते. बॅग हाती येईपर्यंत ती फेकू नका, आणि घरून निघताना बॅगेचा एक फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. काउंटरवरची बाई रंग आणि आकार विचारते, तेव्हा ‘काळी, मोठी’ एवढ्यावर तिला शोधता येत नाही.