आंत्वान द्वानेल: वीस वर्षांची ओळख

फ्रान्स्वा त्रूफोचा ‘द ४०० ब्लोज’ (१९५९) बहुतेकांनी पाहिलेला असतो. शेवटी समुद्राकडे पळणारा मुलगा, आंत्वान, कॅमेऱ्याकडे बघतो आणि चित्र गोठतं. पण आंत्वानची गोष्ट तिथे संपत नाही, हे अनेकांना ठाऊकच नसतं!

त्रूफोने आंत्वान साकारणाऱ्या त्याच झाँ-पिएर लेओला घेऊन पुढे एक लघुपट (१९६२) आणि ‘स्टोलन किसेस’ (१९६८), ‘बेड अँड बोर्ड’ (१९७०), ‘लव्ह ऑन द रन’ (१९७९) हे तीन चित्रपट केले. सत्यजित रायांच्या चित्रत्रयीतल्या अपूचे चेहरे वयानुसार बदलले. इथे मात्र चौदा वर्षांचा पोरगा आपल्यासमोर तिशी ओलांडतो. नाइट क्लार्क, खासगी गुप्तहेर, फुलं रंगवणारा... एक नोकरी धड टिकत नाही. लग्नाचंही तेच. राग येतो त्याचा, पण सोडवत नाही. मला ‘स्टोलन किसेस’ सर्वांत लाडका. शेवटचा ‘लव्ह ऑन द रन’ जुन्या दृश्यांच्या जोडकामावर चालतो, थोडा फिकाच.

आंत्वानचे चाहते दिग्दर्शकांमध्येही आहेत. त्साय मिंग-लियांगच्या ‘व्हॉट टाइम इज इट देअर?’मध्ये (२००१) तैपेईतला घड्याळविक्रेता ‘४०० ब्लोज’ बघतो, आणि पॅरिसच्या दफनभूमीत खुद्द वयस्कर लेओ आपल्याला भेटतो. चाहतेपण असं असतं.

बघणार असाल तर क्रमानेच बघा. अर्ध्या तासाचा लघुपट अजिबात गाळू नका.