सराफ्यातील हवेचा कस

केंद्र शासनाच्या ‘स्वच्छ वायू सर्वेक्षणा’त दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांमध्ये जबलपूरने २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षे दुसरा क्रमांक पटकावला. ही बाब निश्चितच अभिनंदनीय आहे. तथापि हे गुण मुख्यत्वे महानगरपालिकेने योजलेल्या उपायांना असतात. कमानिया गेटमधून सराफ्याच्या अरुंद गल्लीत शिरणाऱ्या माणसाच्या नाकात काय जाते, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. जवळच्या मढाताल येथील शासकीय केंद्र हवा अखंड मोजते; पण एक केंद्र प्रत्येक गल्लीची साक्ष कशी देणार?

ही उणीव नागरिकांच्या सहभागातून भरून काढता येते. नवी मुंबईतील खारघर येथे जानेवारी २०२१ मध्ये ‘वातावरण’ या संस्थेने पांढऱ्याशुभ्र कृत्रिम फुफ्फुसांची प्रतिकृती भर रस्त्यात उभारली. जेमतेम दहा दिवसांत ती काळवंडली. लोक हेलावले, वृत्तपत्रांनी दखल घेतली. मात्र काळा रंग म्हणजे आकडा नव्हे. किती, केव्हा आणि कोठून, हे सांगायला मोजमापच हवे.

सराफ्यात मोजायचे तरी काय? रस्त्यावर वाहनांचा धूर व धूळ. आतल्या कारखान्यांत डाख देण्याची ज्योत आणि तेजाब. चांदी वा तांबे शोऱ्याच्या आम्लात विरघळताना जो तांबूस धूर निघतो, तो नायट्रोजन डायऑक्साइडचा. सूक्ष्म कण मोजणाऱ्या स्वस्त यंत्राला हा वायू दिसतच नाही! त्याकरिता रसायन भरलेली छोटी नळी टांगून ठेवतात व नंतर प्रयोगशाळेत तपासतात. तिला वीजही लागत नाही. बेल्जियमच्या फ्लँडर्स प्रांतात मे २०१८ मध्ये सुमारे वीस हजार कुटुंबांनी अशा नळ्या आपल्या खिडक्यांना लावून गल्लोगल्लीचा नकाशा तयार केला होता.

कस पाहिल्याशिवाय सराफ सोने घेत नाही. यंत्राच्या बाबतीतही तोच न्याय हवा. स्वस्त यंत्र प्रकाशाच्या विखुरण्यावरून कणांचा अंदाज बांधते आणि दमट हवेत फुगलेले कण त्याला फसवतात. म्हणून आरंभी व अखेरीस दोन-दोन आठवडे ते मढातालच्या शासकीय यंत्राशेजारी ठेवून आकडे ताडून पाहावेत. त्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आधीच घ्यावी लागेल. खातेवहीचा ताळमेळ वर्षाअखेरीस एकदाच घालण्याची सवय येथे उपयोगाची नाही.

योजनेतील सर्वांत नाजूक भाग मात्र कारागिराचा आहे. जो धूर करतो, तोच तो सर्वांआधी श्वासात घेतो. त्याच्या खोलीतील आकडा प्रसिद्ध झाला आणि दुसऱ्या दिवशी कारखाना हलविण्याची नोटीस आली, तर तो पुन्हा यंत्राला हात लावू देईल काय? म्हणून यंत्र बसविण्यापूर्वीच व्यापारी, कारागीर आणि मोजणारे यांनी लेखी ठरवावे: रस्त्यावरचे आकडे सर्वांसाठी खुले राहतील, खोलीतले आकडे प्रथम कारागिराला मिळतील आणि त्यांचा उपयोग धुराडे, पंखा, मुखवटा यांच्या खर्चाची तजवीज करण्यासाठी होईल. हा करार नसेल तर प्रकल्प हाती न घेणेच बरे, असे आमचे मत आहे.

खर्चाचा विचार करताना केवळ खरेदीची रक्कम मांडू नये. संवेदक धुळीने मंदावतात, ते बदलावे लागतात. नळ्यांच्या तपासणीचे शुल्क दर खेपेला द्यावे लागते. देणगीतून आलेली यंत्रे दुसऱ्या वर्षी भिंतीवर नुसती टांगलेली राहतात, ती याच कारणाने.

मुहूर्ताबद्दलही थोडे सांगायला हवे. धनत्रयोदशीच्या गर्दीत यंत्र प्रथमच सुरू केले, तर त्या दिवसाचा आकडा कशाशी ताडायचा? तेव्हा पावसाळा ओसरताच, नवरात्रापूर्वी यंत्रे बसवावीत आणि हिवाळा ओलांडून मे महिन्यापर्यंत नोंदी घ्याव्यात.