तट्टू अडतं तेव्हा

माथेरानला वर्षानुवर्षं पर्यटकांना पाठीवर घेऊन फिरलेलं एक उतारवयाचं तट्टू कर्जत भागातल्या एका वाचकाने घरी आणलं आहे. त्यांनी पत्रात लिहिलंय : ‘रोडावलंय, पण स्वभावाने गरीब आहे. फक्त पाय उचलू देत नाही. नालबंद दिसला की दुगाण्या झाडतं. सगळे म्हणतात, एकदा चांगलं बडवा म्हणजे सरळ येईल. मला ते करायचं नाही. दुसरा मार्ग आहे का?’

आहे, आणि तो चाबकापेक्षा खात्रीचा आहे. मात्र त्याआधी दोन कामं. पहिलं, पशुवैद्यकाकडून खूर आणि सांधे तपासून घ्या. एक पाय उचलला की सगळा भार उरलेल्या तीन पायांवर येतो. म्हाताऱ्या तट्टाचा गुडघा दुखत असेल तर ते पाय देणार नाहीच, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

दुसरं काम खुराकाचं. बरगड्या मोजता येतील असं जनावर दिसलं की आपला हात आधी हरभऱ्याकडे आणि गुळाकडे जातो. फार उपासमार झालेल्या घोड्याचा या मायेने जीव जाऊ शकतो. उपासात शरीराने फॉस्फेट, मॅग्नेशियम, पोटॅशियम यांचे साठे संपवत आणलेले असतात. पिष्टमय खुराक पोटात गेला की इन्सुलिन वाढतं आणि रक्तात उरलीसुरली ही द्रव्यंही पेशींमध्ये ओढली जातात. त्यांच्याविना हृदयाचे आणि श्वासाचे स्नायू चालत नाहीत. वाचवून आणलेलं जनावर चार दिवस पोटभर खाऊन अचानक दगावतं, त्यामागे अनेकदा हे कारण असतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी अशा घोड्यांना वेगवेगळे आहार देऊन पाहिले, तेव्हा सरस ठरली ती आपल्याकडेही होणारी लसूणघास. तिच्यात पिष्ट कमी, फॉस्फरस आणि मॅग्नेशियम बऱ्यापैकी. तीही एकदम पेंढीभर घालायची नाही. दर चार तासांनी थोडी थोडी.

आता पाय. तुम्ही पाय धरलात, तट्टाने हिसडा दिला, तुम्ही घाबरून सोडलात. त्या क्षणी तट्टू एक धडा शिकलं : हिसडा दिला की हात सुटतो. मोटारीत पट्टा लावेपर्यंत वाजत राहणारा भोंगा आठवा. तो वाजतो म्हणून नव्हे, पट्टा लावताच थांबतो म्हणून आपल्या हाताला सवय लागते. घोड्याचं शिक्षण बरंचसं असंच चालतं. लगाम ओढण्यातून त्याला काही कळत नाही. लगाम सैल कधी झाला त्यातून कळतं. म्हणून खांद्यावर हात ठेवा आणि तट्टू स्थिर उभं असतानाच काढून घ्या. मग कोपरापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, मग खाली. मागच्या पायांसाठी लांब काठीच्या टोकाला कापड गुंडाळून त्याने सुरुवात करा, म्हणजे दुगाणी तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही. सुटका नेहमी शांतपणाला मिळाली पाहिजे, आणि तत्काळ. दोन-तीन सेकंद उशीर झाला तर तोवर तट्टू दुसरंच काही करू लागलेलं असतं आणि सुटका त्याच्याशी जोडली जाते.

इतक्या साध्या यंत्रणेभोवती केवढं गूढ उभं केलं गेलंय! अमेरिकेतल्या मॉन्टी रॉबर्ट्स यांची पद्धत जगभर गाजली. गोल कुंपणात घोड्याला मोकळं सोडायचं, नजर रोखून, अंग ताठ करून त्याला पळवत राहायचं. त्याने कान आपल्याकडे वळवला, मान खाली घातली की पाठ फिरवून उभं राहायचं. घोडा आपण होऊन जवळ येतो, मागे मागे चालू लागतो. दावा असा, की माणूस कळपाची भाषा बोलतो आणि घोडा त्याला पुढारी मानतो.

सिडनी विद्यापीठातल्या कॅथ हेन्शॉल आणि पॉल मॅकग्रीव्ही यांनी 2012 मध्ये हा दावा ज्या प्रकारे तपासला, तो मला विज्ञानातल्या सर्वांत देखण्या प्रयोगांपैकी एक वाटतो. त्यांनी कुंपणात माणसाऐवजी रिमोटवर चालणारी खेळण्यातली मोटार सोडली. मोटार घोड्यामागे धावायची. घोड्याने हवी ती हालचाल केली की थांबायची. घोडे थांबायला आणि मोटारीकडे तोंड करून उभं राहायला शिकले! मोटारीला ना नजर, ना खांदे, ना कळपाची भाषा. तिच्याकडे होती ती फक्त योग्य क्षणी थांबण्याची क्षमता. म्हणजे कुंपणातला घोडा पुढारी निवडत नव्हता, पाठलाग चुकवत होता. आधीच माणसाला भ्यालेल्या जनावराला पुन्हा पळवून ‘विश्वास’ कमावण्याचा कार्यक्रम मला म्हणूनच पटत नाही.

त्याहून कितीतरी कमी गाजलेला एक प्रयोग 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. लिआन इन्स आणि सेबॅस्टियन मॅकब्राइड यांनी उपासमार आणि हेळसांड यांतून सोडवलेली 16 तट्टं घेतली. निम्म्यांना दाब आणि सुटका या रीतीने शिकवलं, निम्म्यांना खाऊचं बक्षीस देऊन. सात आठवडे रोजचीच कामं : दोराने चालणं, खरारा करून घेताना उभं राहणं, अडथळे ओलांडणं, वाहतुकीच्या गाडीत चढणं. दोन्ही गट शिकले. फरक पडला तो वृत्तीत. बक्षीसवाली तट्टं शिकायला जास्त उत्सुक होती, आणि अनोळखी परिस्थितीत स्वतःहून काहीतरी करून पाहत होती. मार खाल्लेलं जनावर नेमकं हेच विसरलेलं असतं. तेव्हा पाय शांत राहिला की हात काढा आणि वर गाजराचा तुकडाही द्या. मात्र हातावर नको, घमेल्यात टाका, म्हणजे खिसे हुंगायची आणि चावे काढायची खोड लागत नाही.

गाजर नसेल तर खाजवा. क्लॉडिया फे यांनी फ्रान्समधल्या कामार्गच्या घोड्यांवर काम केलं. मान संपते आणि पाठ सुरू होते तिथला उंचवटा, जिथे घोडे दातांनी एकमेकांना खाजवतात, तिथे माणसाने खाजवलं तरी हृदयाचे ठोके मंदावतात, असं त्यांनी 1993 मध्ये दाखवलं. दुसऱ्या जागी खाजवून तसा परिणाम दिसला नाही. आपण प्रेमाने मानेवर थापट्या मारतो; घोडे मात्र एकमेकांना कधीच थोपटत नाहीत.

खेचर पाळणाऱ्यांनी हे सगळं जास्तच जपून करावं, कारण खेचर फार लवकर शिकतं, चुकीचंही. घोड्याची गुणसूत्रं 64, गाढवाची 62, खेचराची 63. या विषम आकड्यामुळे त्याला सहसा संतती होत नाही, पण बुद्धीला काही कमी पडलेलं नाही. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चित्रांच्या जोड्यांमधून बरोबर चित्र ओळखण्यात खेचरांनी तट्टांनाही मागे टाकलं आणि गाढवांनाही. अडून बसण्याचा गुण त्याला बापाकडून, म्हणजे गाढवाकडून आला आहे. गाढवाचे पूर्वज आफ्रिकेच्या खडकाळ कोरड्या मुलखातले. तिथे मोठा कळप नाही, अंदाधुंद पळणं धोक्याचं. भीती वाटली की ते थबकतं आणि निरखून पाहतं. ओढलंत तर भीतीचं कारण दोराच्या दुसऱ्या टोकाला आहे, अशी त्याची खात्री पटते. दोर सैल ठेवून दोन मिनिटं थांबा, त्याला बघू द्या.

पाय उचलणं जमलं की इथेच थांबू नका. 2016 मध्ये नॉर्वेतल्या संशोधकांनी 23 घोड्यांना तीन फलकांचा अर्थ शिकवला : झूल घाला, झूल काढा, आहे तसंच राहू द्या. रोज दहा-पंधरा मिनिटं, बक्षीस देऊन. साधारण दोन आठवड्यांत सगळे घोडे नाकाने फलकाला स्पर्श करून सांगू लागले. उन्हाच्या दिवशी झूल काढायला, पावसात-गारठ्यात घालायला! काही घोडे माणसाचं लक्ष वेधून घ्यायला आपण होऊन धडपडू लागले. माझा कर्जतच्या वाचकांना आग्रह आहे की त्यांनी पावसाळ्याआधी दोन फळ्या रंगवून घ्याव्यात, एक गोठ्यात नेण्यासाठी आणि एक बाहेर सोडण्यासाठी. कर्जतच्या पावसाबद्दल त्या तट्टाचं स्वतःचं मत नक्की असेल, आणि ते मला कळवावं.