घरी अंथरुणाला खिळलेला रुग्ण आहे? नर्स येते तेव्हा आणि येत नाही तेव्हा

चेन्नईहून ईसीआर रस्त्याने दक्षिणेकडे जाताना लागणारे कोवलम हे गाव चेंगलपट्टू जिल्ह्यात येते. (केरळातील कोवलम वेगळे.) या भागात राहणाऱ्या आपल्या कुटुंबात लकवा, मोडलेले हाड किंवा कर्करोग यामुळे कोणी अंथरुणावर असेल, तर ही माहिती आपल्यासाठी आहे.

तामिळनाडू शासनाने ५ ऑगस्ट २०२१ रोजी ‘मक्कळैत् तेडि मरुत्तुवम’ ही मोफत योजना सुरू केली. नावाचा सरळ अर्थ ‘लोकांना शोधत येणारे उपचार’. योजनेत महिला आरोग्य स्वयंसेविका घरी येऊन रक्तदाब व साखर तपासतात, गोळ्या देतात. अंथरुणावरील रुग्णासाठी नर्स आणि फिजिओथेरपिस्ट येतात. नाव नोंदवण्यासाठी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे.

स्वयंसेविका म्हणजे नर्स नव्हे. जखमेची पट्टी किंवा लघवीची नळी बदलण्याचा आग्रह तिला करू नका. ती नर्सला कळवेल. पैसे देऊन खासगी ‘नर्स’ ठेवत असाल तर नर्सिंग परिषदेचे नोंदणी प्रमाणपत्र जरूर मागा. मान्यताप्राप्त अभ्यासक्रम (उदा. जीएनएम, बी.एस्सी. नर्सिंग) पूर्ण करून अशी नोंदणी करावी लागते. नोंदणी नसलेली अटेंडंट अंघोळ घालू शकते, भरवू शकते; इंजेक्शन तिच्याकडून घेऊ नये.

नर्स रोज येणार नाही. मधल्या दिवसांत रुग्णाला सर्वांत मोठा धोका असतो तो बेडसोअरचा, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेचा. ती काही तासांत सुरू होऊ शकते आणि भरायला महिने लागतात.

म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदला: डावी, पाठ, उजवी. रात्रीसाठी घरात पाळ्या लावून घ्या, एकट्या सुनेवर सगळे टाकू नका. रुग्णाला ओढू नका. खाली दुहेरी चादर घालून दोघांनी उचलून सरकवा, कारण ओढताना कातडी सोलते. पोटरीखाली उशी ठेवून टाच अधांतरी राहू द्या. हवेची गादी मिळाली तरी कूस बदलणे चुकत नाही.

रोज अंघोळीच्या वेळी माकडहाड, कुल्हे, टाचा, कोपरे आणि डोक्याची मागची बाजू पाहा. लालसर डाग बोटाने दाबून सोडल्यावर पांढरा झाला नाही, तर जखम सुरू झाली आहे. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे काळपटपणा, गरमपणा किंवा कडकपणा हाताला जाणवतो. अशी जागा चोळू नका, त्यावर हळद, पावडर किंवा तेल थापू नका. भोक असलेली गोल रबरी उशीही नको, तिच्या कडेने रक्तपुरवठा अडतो. त्या बाजूला झोपवणे थांबवून नर्सला दाखवा. तमिळमध्ये या जखमेला ‘पडुक्कैप् पुण्’ म्हणतात; एवढा शब्द सांगितला तरी काम भागते.

किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम सुकत नाही, आणि ओली कातडी लवकर फाटते. सुती चादर वापरा, ती भिजली की लगेच बदला, वाळूचे कण झटका. अंडी, डाळ, मासे यांतील प्रथिनांशिवाय जखम भरत नाही. मूत्रपिंडाचा आजार असल्यास मात्र प्रमाण डॉक्टरांना विचारा.

मधुमेही रुग्णाला अचानक घाम, थरथर, गोंधळल्यासारखे झाले तर शुद्धीत असताना तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा. जखमेला दुर्गंधी, पू किंवा सोबत ताप असेल तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा. आरोग्यविषयक सल्ल्यासाठी १०४ क्रमांक आहे.