हवामानबदल आणि घरगुती इंधनाचा जमाखर्च

हवामानबदलाच्या कार्यास एकट्या माणसाने कोठून आरंभ करावा, या प्रश्नाचे उत्तर बहुधा उत्साहाच्या भरात दिले जाते. हिशेब क्वचितच मांडला जातो. कापडी पिशवी, अंगणातील रोप ही त्याची ठरीव उदाहरणे होत. ती निरर्थक नव्हेत. परंतु अमुक एका कुटुंबाचा भार मुख्यतः कशामुळे पडतो, हे त्यांवरून कळत नाही. ते कळण्याचे साधन घरोघरी असते, आणि ते म्हणजे विजेचे बिल.

भारतातील बहुतांश वीज अद्यापि कोळशापासून निर्माण होते. त्यामुळे विजेच्या एका युनिटामागे सरासरीने सुमारे ०.७ किलोग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड वातावरणात मिसळतो. स्वयंपाकाच्या गॅसचा १४.२ किलोग्रॅमचा सिलिंडर जळला म्हणजे सुमारे ४२ किलोग्रॅम, आणि एक लिटर पेट्रोल जळले म्हणजे सुमारे २.३ किलोग्रॅम वायू बाहेर पडतो. (इंधनाहून वायूचे वजन अधिक कसे, ही शंका रास्त आहे. जळताना कार्बनाशी हवेतील प्राणवायूचा संयोग होतो व त्याचे वजन त्यात मिळते.)

उदाहरणादाखल, महिन्यास १५० युनिट वीज, एक सिलिंडर आणि स्कूटरीस १५ लिटर पेट्रोल वापरणारे कुटुंब कल्पावे. त्याच्या विजेचे १०५, गॅसचे ४२ व पेट्रोलचे सुमारे ३५ किलोग्रॅम होतात. धूर दिसतो तो स्कूटरीचा. परंतु मोठा वाटा असतो तो भिंतीवरील बटणांमागे. जुना छताचा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो, तर ब्रशविरहित मोटरीचा नवा पंखा ३० वॅटच्या आसपास. पंखा रोज बारा तास फिरत असेल, तर महिन्यास १६ युनिट, म्हणजे ११ किलोग्रॅम वायू वाचतो. असे तीन पंखे बदलणे हे महिनाभर स्कूटर बंद ठेवण्याच्या जवळजवळ बरोबरीचे ठरते.

जेथे मोटारीस महिन्याला ६० लिटर पेट्रोल लागते, तेथे हाच हिशेब उलटतो आणि पंख्यांचा विचार मागे पडतो. याउलट, ज्या घरात एक दिवा व एक पंखा एवढेच आहे, त्या घरास काटकसरीचा उपदेश करणे अन्यायाचे होय. वाढत्या उष्म्यापासून आपला बचाव करणे हाच त्याचा आरंभ. अन्न व वस्तू यांचा भार या जमाखर्चात धरलेला नाही, हेही लक्षात ठेवावे.

सदनिकेत राहणाऱ्यास स्वतःचे छप्पर नसते. गच्चीवरील एक किलोवॅटचा सौरसंच दिवसास सरासरी चार युनिटांच्या आसपास वीज देतो, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक वापरासाठीही साहाय्य आहे. पाण्याचा पंप व उद्वाहन ज्या मीटरवर चालतात, त्याचे बिल बहुधा कोषाध्यक्षाखेरीज कोणी वाचीत नाही. ते वार्षिक सभेपुढे ठेवण्याची मागणी कोणाही सभासदास करता येते.