तिजोरीची वाट : भाग 5 – गावाच्या खात्यात अचानक आलेले पैसे

2 मार्च 2021. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या गावांचा हा वर्षातला सर्वांत महत्त्वाचा दिवस. मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावकरी शाळेच्या नाहीतर टाउन हॉलच्या सभागृहात जमतात, वर्षाचा अर्थसंकल्प कलमागणिक वाचला जातो, प्रश्न विचारले जातात आणि हात वर करून मतदान होतं. दुपारी एकत्र जेवणही होतं. पण त्या वर्षी कोविडमुळे अनेक गावांत ही टाउन मीटिंग भरलीच नाही. कुठे कागदी मतपत्रिकांवर काम भागवलं, कुठे सभा पुढे ढकलली. बरोबर नऊ दिवसांनी, 11 मार्चला, वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष जो बायडन यांनी ‘अमेरिकन रेस्क्यू प्लॅन’ कायद्यावर सही केली आणि या गावांच्या वाट्याला कधी नव्हे एवढी रक्कम आली. वर्षाचा हिशेब मांडण्याची जागा बंद असताना आजवरचा सर्वांत अवघड हिशेब समोर आला होता.

कायदा 1 लाख 90 हजार कोटी डॉलरचा होता. त्यातले 35 हजार कोटी राज्यं, कौंटी (म्हणजे जिल्हे), शहरं, गावं आणि आदिवासी शासनांसाठी होते, आणि साधारण 50 हजारांहून कमी वस्तीच्या गावांसाठी त्यातून 1,953 कोटी वेगळे काढले होते. या वेगळ्या काढण्याचं मोल मोठं आहे. 2020 मधल्या पहिल्या मदत कायद्यात थेट पैसे मिळाले ते पाच लाखांहून मोठ्या स्थानिक शासनांनाच. लहान गावं राज्यांच्या मर्जीवर राहिली होती. वॉशिंग्टनहून प्रत्येक गावाचा असा हक्काचा वाटा येण्याची आधीची मोठी योजना राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या काळात, 1972 मध्ये सुरू झाली आणि 1986 मध्ये संपली. म्हणजे गावगाड्यात काम करणाऱ्या बहुतेकांनी असा पैसा कधी हाताळलेलाच नव्हता.

व्हरमाँटला यात आणखी एक लाभ झाला. तिथे कौंटी नावापुरत्या आहेत. रस्ते, जमिनीच्या नोंदी, अग्निशमन हे सगळं गावच पाहतं. त्यामुळे कौंटींच्या नावाचे सुमारे 12 कोटी डॉलरही गावांतच वाटले गेले. माणशी हिशेब सुमारे 300 डॉलरवर गेला. हजार वस्तीच्या गावाला तीन लाख डॉलर, तेव्हाच्या दराने दोन कोटी रुपयांहून अधिक.

या पैशांचं ठरवणार कोण? गावाचं सिलेक्टबोर्ड. तीन किंवा पाच निवडून आलेली माणसं. कुणी शेतकरी, कुणी निवृत्त शिक्षिका, कुणी दिवसभर दुसरीकडे नोकरी करून संध्याकाळी बैठकीला येणारं. मानधन नावापुरतं. मदतीला टाउन क्लार्क आणि खजिनदार, तेही पुष्कळदा अर्धवेळ. एवढ्या माणसांनी आधी केंद्र सरकारच्या नोंदणी प्रणालीत गावाचं खातं उघडायचं, राज्याकडे मागणी नोंदवायची, मग दर एप्रिलच्या अखेरीला वॉशिंग्टनला अहवाल पाठवायचा. पैसे दोन हप्त्यांत, वर्षाच्या अंतराने येणार होते. अनुदान असल्यामुळे ते खर्चायचा अधिकार बोर्डाचा. गावकऱ्यांचा कौल घेतला तरी तो सल्ल्यापुरता.

आणि नियम? मे 2021 मध्ये अर्थखात्याने हंगामी नियम काढले. त्यात चार वाटा होत्या: साथीचा आणि तिच्या आर्थिक फटक्याचा मुकाबला, जोखीम घेऊन काम केलेल्यांना जादा वेतन, बुडालेल्या महसुलाची भरपाई, आणि पाणी, सांडपाणी व इंटरनेटची कामं. काही गोष्टींना मनाई होती, त्यातल्या गावाशी संबंध येणाऱ्या तीन: निवृत्तिवेतनाच्या निधीत भर घालायची नाही, जुन्या कर्जाचे हप्ते फेडायचे नाहीत, आणि पैसे राखीव निधी म्हणून नुसते बाजूला टाकून ठेवायचे नाहीत. गावाचा फायर ट्रक वीस वर्षांचा झालाय, तो यात बसतो का? रस्त्यावरचा पूल बसतो का? ज्याला त्याला हाच प्रश्न, आणि उत्तर द्यायला वकील ठेवावा तर तेवढे पैसे नाहीत. त्या पहिल्या वर्षी अनेक बोर्डांनी हप्ता बँकेत ठेवला आणि थांबून पाहिलं. हा शहाणपणा होता, आळस नव्हता. सरकारी वित्ताधिकाऱ्यांची राष्ट्रीय संघटना तेव्हापासून एकच सांगत होती: एकदाच येणारा पैसा एकदाच होणाऱ्या खर्चाला लावा. या पैशांतून नवा कर्मचारी नेमला, तर तीन वर्षांनी त्याचा पगार घरपट्टीतून द्यावा लागेल.

6 जानेवारी 2022 ला अंतिम नियम आले, चारशेहून अधिक पानांचे. लहान गावांसाठी त्यातली एकच तरतूद निर्णायक ठरली. एक कोटी डॉलरपर्यंतची रक्कम ‘बुडालेला महसूल’ म्हणून धरायची मुभा मिळाली, आणि महसूल खरोखर बुडाला का याचा पुरावा मागितला जाणार नव्हता. असं धरलं की ती रक्कम गाव एरवी करतं त्या जवळपास कुठल्याही कामावर चालते. बहुतेक लहान गावांचा सगळाच वाटा एक कोटीच्या आत होता. फायर ट्रक बसला, पूल बसला, ग्रंथालयाचं छप्पर बसलं.

इथे गोष्ट पालटली. तोवर बोर्ड विचारत होतं, ‘हे चालतं का?’ आता जवळजवळ सगळंच चालत होतं, म्हणून विचारावं लागलं, ‘आपल्याला हवं काय?’ आणि त्याचं उत्तर नियमांच्या पुस्तकात नव्हतं.

मोकळीक कुठवर जाऊ शकते, याची दोन उदाहरणं इतर राज्यांतली. न्यूयॉर्क राज्यातल्या डचेस कौंटीने एक कोटीहून अधिक डॉलर बेसबॉलच्या स्टेडियमवर लावायचं ठरवलं. ते नियमात बसलं, पण साथीचा पैसा खेळाच्या मैदानावर का, हा प्रश्न देशभर विचारला गेला. मिशिगनमधल्या शियावासी कौंटीत जुलै 2021 मध्ये कमिशनरांनी ‘जोखीम वेतन’ म्हणून स्वतःलाच बोनस मंजूर केले, अध्यक्षांना 25 हजार डॉलर. लोक बैठकीत येऊन संतापले, निवडून आलेल्यांना मागाहून असा मोबदला देणं राज्यघटनेत बसत नाही असं मत सरकारी वकिलांनी दिलं, आणि बोनस परत करावे लागले. ते पैसे मागे आणले ते बैठकीत येऊन बसलेल्या माणसांनी. वॉशिंग्टनला अहवाल तोवर गेलाही नव्हता.

व्हरमाँटच्या गावांनी वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारलं. कुणी प्रश्नावली छापून घरोघर धाडली, कुणी खास समिती नेमली, कुणी जाहीर बैठका घेतल्या. आलेल्या मागण्यांतून त्या गावांचं रोजचं जगणं दिसतं. राज्यातले निम्म्याहून अधिक रस्ते कच्चे आहेत. बर्फ वितळायच्या दिवसांत त्यांचा चिखल होतो, म्हणून रस्ता सपाट करणारे ग्रेडर आणि बर्फ ढकलणारे ट्रक यादीत वर. स्वयंसेवक अग्निशामकांसाठी श्वसनसंच. ज्येष्ठांच्या केंद्राला मदत. जमिनीच्या नोंदींचं प्रकरण विशेष बोलकं आहे. तिथे खरेदीखतं गावच्या क्लार्कच्या तिजोरीखोलीत, जाडजूड वह्यांत असतात. साथीत कार्यालयं बंद आणि शहरांतून घरं घ्यायला येणाऱ्यांची रीघ, अशा दिवसांत वकिलांना त्या वह्या पाहायला मिळेनात. म्हणून अनेक गावांनी त्यांचं डिजिटायझेशन या पैशांतून करून घेतलं. साथीचा फटका आणि त्यावरचा खर्च यांचा इतका सरळ संबंध क्वचितच दुसऱ्या कामात दिसतो.

इंटरनेटचं काम मात्र एकट्या गावाच्या आवाक्यातलं नव्हतं. डोंगराळ भागातल्या दूरच्या घरांपर्यंत खासगी कंपन्या तार न्यायला तयार नसत. त्यावर व्हरमाँटने गावांचे संघ करण्याची वाट 2015 च्या कायद्याने काढली होती. आपल्याकडच्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजनेसारखाच विचार, पाण्याऐवजी फायबरचा. साथीत मुलं गाडीत बसून ग्रंथालयाच्या वायफायवर शाळा करत होती, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. बऱ्याच गावांनी आपल्या वाट्यातला काही भाग या संघांना दिला. शेजारच्या गावाच्या टोकावरच्या घरासाठीही आपले पैसे जाणार हे माहीत असून दिला, आणि या साऱ्या व्यवहारातला हा सर्वांत चांगला निर्णय म्हणावा लागेल.

मग जुलै 2023 मध्ये पूर आला. राजधानी माँटपेलियरची बाजारपेठ पाण्याखाली गेली, डोंगरातले रस्ते आणि मोऱ्या वाहून गेल्या. 2022 च्या अखेरीला संसदेने या निधीतून नैसर्गिक आपत्तीवरही खर्च करायला परवानगी दिली होती. ज्या गावांकडे रक्कम शिल्लक होती त्यांना ती वाट मोकळी होती. ज्यांनी सगळं आधीच वाटून टाकलं होतं त्यांना नव्हती. बरोबर वर्षाने, जुलै 2024 मध्ये, पुन्हा पूर आला.

तोवर मुदत जवळ आली होती. 31 डिसेंबर 2024 पर्यंत प्रत्येक डॉलर करारात बांधलेला हवा होता. नुसता ठराव पुरेसा नव्हता. कंत्राट किंवा खरेदी आदेश लागत होता. राहील ते परत. बांधलेले पैसे प्रत्यक्ष द्यायची मुदत 31 डिसेंबर 2026.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यातलं बरंच ओळखीचं वाटेल. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी 2021 ते 2026 या काळात ग्रामपंचायतींकडे आला, तोही 60 टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच, आणि 40 टक्के अबंधित. बंधित निधीचं बरंचसं नियमच ठरवतात. अबंधिताचं कोण ठरवतं, हे ग्रामसभेला किती जण येतात यावर आहे. ‘आमचं गाव, आमचा विकास’ आराखडा आणि झालेला खर्च ‘ई-ग्रामस्वराज’वर गावाचं नाव घालून कुणालाही पाहता येतो. पुढच्या ग्रामसभेला जाण्याआधी तो एकदा उघडून वाचा, आणि अबंधित रकमेतून कोणतं काम का निवडलं, हे सभेत उभं राहून विचारा.